कशावरून? जीवशास्त्रात संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांसाठी

मोबाइलवरचा एक फोटो माझ्या विद्यार्थिनीने माझ्यासमोर धरला. पेट्री डिश, तिच्यात जीवाणूंचा पातळ पिवळसर थर, मधोमध कागदाची लहानशी चकती आणि चकतीभोवती स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ. चकतीवर तिने एका वनस्पतीचा अर्क टाकला होता आणि त्या वर्तुळात जीवाणू वाढले नव्हते. एमएस्सीच्या प्रकल्पातला तिचा पहिला निकाल होता तो. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

"हे वर्तुळ अर्कामुळेच आलं, कशावरून?" मी विचारलं.

"अर्क टाकला होता ना, म्हणून."

"अर्क कशात काढला होतास?"

"इथेनॉलमध्ये."

"मग चकतीवर नुसतं इथेनॉल टाकलं असतं तर?"

ती गप्प झाली. पदवीला तिला उत्तम गुण होते. झोपेतून उठवून विचारलं तरी जीवाणूच्या पेशीभित्तिकेची रचना तिने घडाघडा सांगितली असती. इथेनॉलने जीवाणू मरतात हेही तिला पाठ होतं. तरी हा प्रश्न तिला सुचला नाही, आणि त्यात तिचा दोष फारसा नव्हता. तोवर तिला तो कुणी विचारलाच नव्हता.

पदवीपर्यंत चमकणारी मुलं पदव्युत्तर संशोधनात का अडखळतात, हे कोडं पालकांना पडतं, शिक्षकांना पडतं आणि सर्वांत जास्त त्या मुलांना स्वतःला पडतं. बुद्धी तीच असते, मेहनतही तीच असते. बदललेला असतो तो प्रश्न. पदवीची परीक्षा विचारते, ‘काय?’ संशोधन विचारतं, ‘कशावरून?’ या एका शब्दाची सवय लागली की प्रयोग आखणं, वाचणं, नोंदी ठेवणं आणि लिहिणं या चारही गोष्टी एकाच धाग्यात येतात. तो धागा कसा धरायचा, हे त्या पेट्री डिशच्या आधाराने पाहू.

निकाल आणि साक्ष

पाठ्यपुस्तक हे न्यायालयाच्या निकालासारखं असतं. साक्षी झाल्या, पुरावे तपासले गेले, उलटतपासणी झाली आणि मग शेवटी चार ओळींत निवाडा लिहिला गेला. विद्यार्थ्याच्या हाती पडतात त्या चार ओळी. ‘डीएनए हा आनुवंशिकतेचा वाहक आहे’ हे वाक्य आपण शाळेत एका दमात वाचून जातो. त्यामागे वर्षानुवर्षांची रस्सीखेच होती. 1944 मध्ये अ‍ॅव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी न्यूमोनियाच्या जीवाणूंवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, तरी अनेक शास्त्रज्ञांना ते पटायला वेळ लागला. ‘तुमच्या नमुन्यात थोडंसं प्रथिन उरलं नव्हतं आणि परिणाम त्याचाच नव्हता, कशावरून?’ हाच तर आक्षेप होता.

शोधनिबंध म्हणजे संशोधकांनी आपण काय केलं, कसं केलं आणि काय दिसलं हे सांगणारा लेख. प्रयोगशाळेत सगळे त्याला पेपर म्हणतात, मीही तेच म्हणेन. पेपर ही एका साक्षीदाराची साक्ष असते. साक्षीदार प्रामाणिक असू शकतो आणि तरीही त्याची चूक होऊ शकते. छापण्याआधी त्या विषयातले दोन-तीन तज्ज्ञ पेपर वाचतात, शंका काढतात, दुरुस्त्या मागतात. पण सहसा ते स्वतः प्रयोग करून पाहत नाहीत.

पदव्युत्तर विद्यार्थी पहिल्यांदाच निकाल सोडून साक्ष ऐकायला बसतो, आणि वर्ष-दीड वर्षात त्याला स्वतःलाही साक्षीला उभं राहायचं असतं. उलटतपासणी होणारच. तयारी करायची ती तिचीच.

बरणी क्रमांक तीन

मांस उघडं राहिलं की त्यात अळ्या होतात. सतराव्या शतकापर्यंत पुष्कळ लोक मानत, की त्या सडक्या मांसातून आपोआप जन्मतात. इटलीतला वैद्य फ्रान्चेस्को रेदी याला हे पटत नव्हतं. 1668 मध्ये त्याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काही बरण्यांत मांस ठेवून त्या उघड्या ठेवल्या, काहींची तोंडं घट्ट बंद केली. उघड्या बरण्यांत माश्या शिरल्या, अळ्या झाल्या. बंद बरण्यांत मांस सडलं, पण अळी एकही नाही.

आपल्यापैकी बहुतेकजण इथे थांबले असते. रेदी थांबला नाही. बंद बरणीत माशी जात नाही, पण हवाही जात नाही. अळ्या न होण्याचं कारण माशी नसणं हे आहे, हवा नसणं नव्हे, कशावरून? म्हणून त्याने आणखी बरण्या घेतल्या आणि त्यांच्या तोंडाला बारीक जाळीचं कापड बांधलं. हवा आत जात होती, माशी जात नव्हती. मांसात अळ्या झाल्या नाहीत. माश्या कापडावर घोंगावत राहिल्या आणि अळ्या दिसल्या त्या कापडावर.

ज्या एका गोष्टीचा परिणाम तपासायचा आहे ती वगळून बाकी सगळं तसंच ठेवलेला जोडीचा प्रयोग म्हणजे कंट्रोल. मराठी पुस्तकांत त्याला नियंत्रित प्रयोग किंवा नियंत्रण गट म्हटलेलं दिसेल. कुठला कंट्रोल हवा हे कुठल्या यादीत शोधून सापडत नाही. ते आक्षेपातून ठरतं. आधी स्वतःवरच आक्षेप घ्यायचा, मग त्या आक्षेपाला उत्तर देणारी बरणी मांडायची.

आता पेट्री डिशकडे परत येऊ. वर्तुळ इथेनॉलमुळे आलं असेल, हा पहिला आक्षेप. चकती पुरती वाळवली नसेल तर ते शक्यही आहे. त्याचं उत्तर म्हणजे तेवढंच इथेनॉल टाकून तेवढाच वेळ वाळवलेली दुसरी चकती. ही तिची जाळीची बरणी. दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. समजा वर्तुळ आलंच नाही, तर अर्क निरुपयोगी ठरला की प्रयोगच फसला? त्यासाठी ज्याने वर्तुळ येणारच, अशा माहितीतल्या प्रतिजैविकाची तिसरी चकती ठेवायची. तिच्याभोवतीही वर्तुळ आलं नाही, तर त्या दिवशीचा निकाल काहीच सांगत नाही. नुसत्या इथेनॉलच्या चकतीला निगेटिव्ह कंट्रोल म्हणतात, प्रतिजैविकाच्या चकतीला पॉझिटिव्ह.

पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याची पद्धत, वापरणाऱ्यांनी एक नळी डीएनए न घालता, नुसतं पाणी घालून ठेवायची असते. नवखे विद्यार्थी रसायनं वाचवायला नेमकी तीच नळी गाळतात. आणि एखाद्या दिवशी त्या पाण्याच्या नळीचाही, डीएनए पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या जेलवर, ठसठशीत पट्टा उमटतो. म्हणजे कुठेतरी डीएनए मिसळला आहे, आणि शेजारच्या सगळ्या सुंदर पट्ट्यांवरचा विश्वास एका क्षणात उडतो. ती नळी नसती, तर ते पट्टे प्रबंधात गेले असते.

तीनदा केलं, म्हणजे झालं ना?

तिने दुसऱ्या आठवड्यात नवी प्लेट आणली. कंट्रोल व्यवस्थित होते. अर्काच्या तीन चकत्या होत्या, तिन्हींभोवती वर्तुळं. "तीन रेप्लिकेट घेतले," ती म्हणाली. म्हणजे तेच तीनदा केलं.

एकाच माणसाला वजनकाट्यावर तीनदा उभं केलं तर काटा किती स्थिर आहे ते कळतं. त्या गावातल्या माणसांचं वजन किती, ते कळत नाही. त्यासाठी तीन वेगळी माणसं लागतात. एकाच अर्काच्या, एकाच प्लेटवरच्या तीन चकत्या म्हणजे एकच माणूस तीनदा. हे तांत्रिक पुनरावर्तन, त्यातून आपला हात किती नेमका चालतो ते समजतं. वेगवेगळ्या झाडांपासून, वेगळ्या दिवशी काढलेले अर्क, जीवाणूंची ताजी वाढ घेऊन पुन्हा मांडलेला प्रयोग हे जैविक पुनरावर्तन. दावा ‘या वनस्पतीबद्दल’ करायचा असेल तर हे दुसरंच मोजलं जातं. एकाच झाडाच्या तीस चकत्या केल्या तरी झाड एकच राहतं. ही चूक इतकी सर्रास होते, की परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये तिच्यावर एक पेपरच लिहिला आणि तिला छद्म-पुनरावर्तन असं नाव रूढ केलं. उंदरांवर काम करा, पेशींवर करा किंवा शेतातल्या रोपांवर, प्रश्न तोच. तुमचं ‘एक’ म्हणजे नेमकं काय?

ओघानेच पी-व्हॅल्यू येते, कारण नव्या विद्यार्थ्यांना सगळ्यांत धास्ती तिची. नाणं दहा वेळा उडवलं आणि आठ वेळा छापा पडला. नाणं खोटं आहे का? नाणं खरं असतानाही आठ किंवा त्याहून जास्त छापे पडण्याची शक्यता शंभरात साधारण साडेपाच असते. पी-व्हॅल्यू म्हणजे हेच. प्रत्यक्षात काहीच फरक नाही असं धरलं, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. ‘माझं म्हणणं खोटं असण्याची शक्यता’ असा तिचा अर्थ होत नाही. पी-व्हॅल्यू 0.05 पेक्षा कमी आली की फरक दखलपात्र मानायचा, हा उंबरठा निसर्गाने आखलेला नाही. रोनाल्ड फिशर यांच्या 1925 च्या पुस्तकातून तो सोय म्हणून रुळला. आणि एकदम 20 जनुकं तपासली, खरा फरक एकातही नसला, तपासण्या एकमेकींवर अवलंबून नसल्या, तरी त्यांतलं निदान एक तरी हा उंबरठा ओलांडण्याची शक्यता 64 टक्के असते. म्हणून किती गोष्टी तपासल्या ते सांगायचं. फक्त जिंकलेली तेवढी दाखवायची नाही.

संख्याशास्त्राच्या माणसाकडे आकडे हातात आल्यावर जाऊ नका, प्रयोग मांडण्याआधी जा. घर बांधून झाल्यावर पाया तपासून काही हाती लागत नाही.

वहीचं एक पान

माझ्या पाहण्यातल्या बहुतेक रखडलेल्या प्रबंधांचं मूळ वहीत असतं. नोंद अशी असते: ‘पीसीआर केलं. आलं नाही. उद्या परत.’ चार महिन्यांनी या नोंदीतून काय शिकणार?

हीच नोंद अशी असू शकली असती: आजची तारीख. आज मला काय पाहायचं आहे. कुठला नमुना, तो कुठल्या डब्यात, कुठल्या क्रमांकाचा. कुठल्या बाटलीतलं एन्झाइम, तिच्यावरचा लॉट नंबर. ठरलेल्या कृतीत आज काय बदललं, उदाहरणार्थ तापमान 58 ऐवजी 55. काय दिसलं, फोटो कुठे साठवला. मला काय वाटतं. उद्या काय. शेवटच्या तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहा. जे दिसलं आणि जे वाटलं त्यांची सरमिसळ वहीत झाली की ती प्रबंधातही होते.

नोंद त्याच दिवशी करायची आणि खाडाखोड लपवायची नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. प्रयोग फसला असेल तर नोंद जास्त तपशिलाने लिहा. यशस्वी प्रयोगाचा तपशील आपल्याला तसाही आठवतो.

संगणकावरच्या नोंदींचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. ‘सेप्ट2’ आणि ‘मार्च1’ अशी छोटी नावं असलेली माणसाची जनुकं होती. एक्सेलमध्ये ती टाकली की एक्सेल त्यांना 2 सप्टेंबर आणि 1 मार्च समजून तारीख करून टाकायचं. संशोधकांनी हे 2004 मध्येच निदर्शनाला आणलं होतं. 2016 मध्ये पुन्हा तपासणी झाली, तेव्हा एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या जोडलेल्या पेपरांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यात अशा चुका सापडल्या. अखेर 2020 मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. मूळ आकड्यांची फाइल न उघडता, न बदलता वेगळी जपून ठेवा आणि काम नेहमी तिच्या प्रतीवर करा, हे मी पहिल्याच दिवशी सांगते ते यामुळे.

पेपर समजतच नाही, मग वाचू कसा?

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला बसलात तर समजणार नाहीच. पेपर कादंबरीसारखा वाचत नाहीत. बहुतेक पेपरांचा साचा ठरलेला असतो: सारांश, प्रस्तावना, पद्धती, निकाल, चर्चा. शीर्षक आणि सारांश वाचून झाला की थेट आकृत्यांकडे जा. प्रत्येक आकृतीखालचा मजकूर झाकून ठेवा आणि चित्र पाहून स्वतःच्या शब्दांत एक वाक्य लिहा, ‘यातून मला असं दिसतं.’ मग लेखकांनी काय म्हटलंय ते उघडून पाहा. दोन्ही जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर त्याहून उत्तम, कारण वाचायला खरी सुरुवात तिथे होते. आपण काय चुकवलं, की लेखकांनी काय ताणलं?

पद्धतींचा भाग नवखे वाचक हमखास सोडून देतात. साक्षीदार कुठे उभा होता, उजेड किती होता, ही माहिती त्याच भागात असते. किती प्राणी, किती नमुने, कंट्रोल कोणता, कुणाला कोणता नमुना दिलाय हे मोजणाऱ्याला माहीत होतं का. चर्चेचा भाग सर्वांत शेवटी वाचा, नाहीतर लेखकांचं मत आपलं मत होऊन बसतं.

वेळ लागतो, आणि त्याची लाज वाटून घेऊ नका. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा पेपर जेमतेम पानभराचा आहे, आणि तो नीट समजून घ्यायला एक दुपार पुरत नाही. पब्मेड या मोफत शोधस्थळावर आज साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. सगळं वाचणं कुणालाच शक्य नाही. सुरुवातीला एका चांगल्या आढावा-लेखापासून विषयाचा नकाशा मिळवा, मग आठवड्याला दोन मूळ पेपर, पण असे, की त्यांच्याबद्दल दहा मिनिटं बोलता येईल. प्रत्येकासाठी चार ओळी लिहून ठेवा: दावा काय, कशावरून, मला काय पटलं नाही, माझ्या कामाशी संबंध काय. प्रबंधाची प्रस्तावना पुढे याच ओळींतून उभी राहते.

एक पथ्य मात्र पाळा. ‘अमुक यांनी दाखवलं आहे’ असं दुसऱ्याच्या पेपरात वाचलं, तर तो अमुकांचा पेपर स्वतः उघडल्याशिवाय त्याचा संदर्भ देऊ नका. मूळ पेपरात ‘असू शकतं’ असतं, पुढच्यात ‘आहे’ होतं, त्यापुढच्यात ‘सर्वज्ञात आहे’.

मोठ्या नियतकालिकात छापून आलंय, मग आपण कोण शंका घेणारे?

हा संकोच प्रामाणिक असतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. 2012 मध्ये कर्करोगावरच्या औषधांच्या संशोधनातल्या दोघा शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं, की पायाभूत मानल्या गेलेल्या 53 अभ्यासांपैकी फक्त 6 अभ्यासांचे निष्कर्ष एका औषध कंपनीच्या चमूला पुन्हा मिळवता आले. 2016 मध्ये त्याच नियतकालिकाने 1,576 संशोधकांना विचारलं. दुसऱ्याचा प्रयोग करून पाहताना आपण कधी ना कधी अपयशी ठरलो, असं 70 टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं. निम्म्याहून अधिकांना तर स्वतःचाच प्रयोग पुन्हा जमला नव्हता.

यातून विज्ञान खोटं आहे असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. कारणं बरीचशी साधी आहेत: नमुने थोडे, कृतीचा तपशील अपुरा, साहित्य वेगळं. पेशींचंच पाहा. 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गाठीतून, तिची परवानगी न घेता, घेतलेल्या हेला पेशी प्रयोगशाळेत इतक्या जोमाने वाढतात, की दुसऱ्या पेशींच्या भांड्यात एखादा थेंब गेला तरी काही काळात त्यांची जागा बळकावतात. 1966 मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी दाखवून दिलं, की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या अनेक पेशी प्रत्यक्षात हेलाच आहेत. चुकीच्या ओळखीच्या पेशींची जी आंतरराष्ट्रीय यादी आज ठेवली जाते, तिच्यात 500 हून अधिक नावं आहेत. तेव्हा आपल्या फ्लास्कवर जे नाव आहे त्याच पेशी आत आहेत, कशावरून? डीएनएची ओळखचाचणी करून घेतली असेल, तर तिच्यावरून.

शंका घेणं म्हणजे अनादर नव्हे. पेपरवर शंका घ्यायला पदवी लागत नाही, कारण लागतं.

लिहायला कधी बसायचं?

आज. ‘आधी प्रयोग संपवू, मग शेवटचे दोन महिने लिहू’ ही योजना मी अनेकदा कोसळताना पाहिली आहे. लिहायला बसलं की समजतं, एक कंट्रोल राहिला. तोवर रसायन संपलेलं असतं आणि प्रयोगशाळेचा ताबा दुसऱ्याकडे गेलेला असतो.

क्रम उलटा ठेवा. पद्धती प्रयोग चालू असतानाच लिहा, कारण वही समोर असते. मग आकृत्या मांडा, त्यांच्या क्रमातून निकालांची गोष्ट ठरू द्या. प्रस्तावना नरसाळ्यासारखी असते: वर रुंद प्रश्न, मग अरुंद होत होत तुमचा एवढासा प्रश्न. खालचं टोक कुठे आहे हे कळल्याशिवाय नरसाळं करता येत नाही, म्हणून ती नंतर. सारांश सर्वांत शेवटी.

आता एक वाक्य जवळून पाहू. तिच्या पहिल्या कच्च्या मसुद्यात ते असं होतं:

‘या वनस्पतीच्या अर्कामध्ये अत्यंत प्रभावी जीवाणूरोधक गुणधर्म असल्याचे सिद्ध झाले.’

समासात मी चार ठिकाणी तोच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत लिहिला. अत्यंत, कशावरून? प्रभावी, कशाच्या तुलनेत? जीवाणूरोधक, कुठल्या जीवाणूंवर? सिद्ध, कितीदा करून? तीन मसुद्यांनंतर त्या वाक्याची अशी दोन वाक्यं झाली:

‘तीन वेगवेगळ्या झाडांपासून काढलेल्या इथेनॉल-अर्कांच्या चकत्यांभोवती स्टॅफिलोकोकस ऑरियसची वाढ सरासरी 14 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात थांबली. केवळ इथेनॉलच्या चकतीभोवती असे वर्तुळ दिसले नाही.’

या नव्या वाक्यांत एकही भारदस्त विशेषण नाही, आणि तरी त्यांतून जास्त कळतं. वाचणारा स्वतः ठरवू शकतो की 14 मिलिमीटर त्याला प्रभावी वाटतं का. ‘सिद्ध झाले’ हे क्रियापद जीवशास्त्रात फार जपून वापरायचं असतं. ‘दिसले’, ‘आढळले’, ‘असे सूचित होते’, ‘शक्यता वाढते’ या शब्दांना वेगवेगळी वजनं आहेत. पुरावा जेवढा, तेवढ्याच वजनाचा शब्द उचलायचा.

पण माझं इंग्रजी कच्चं आहे

मार्गदर्शकांना पाठवायच्या मसुद्यात व्याकरण चुकलं तर ते अर्ध्या तासात दुरुस्त होतं. विचारच गोंधळलेला असेल तर कुठलीही भाषा त्याला वाचवत नाही. ज्या भाषेत विचार सुचतो त्या भाषेत आधी परिच्छेद मांडा, अगदी तोंडी सांगून मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग इंग्रजीत छोट्या वाक्यांत लिहा. एका वाक्यात एकच गोष्ट. अवघड इंग्रजी म्हणजे शास्त्रीय इंग्रजी, हा गैरसमज मुलांना फार छळतो.

भाषेच्या भीतीतूनच एक मोठी चूक घडते. ‘त्यांनी इतकं छान लिहिलंय, मी वेगळं काय लिहू?’ असं म्हणत मूळ परिच्छेद समोर ठेवून दोन-चार शब्द बदलले जातात. खाली संदर्भ दिला तरी तेही वाङ्मयचौर्यच असतं. उपाय साधा आहे. पेपर बंद करा, पाणी पिऊन या, मग आठवेल ते लिहा. आठवत नसेल तर ते समजलेलं नाही, परत वाचा. 2014 मध्ये जपानमधल्या एका मूलपेशी-संशोधनाचे दोन गाजलेले पेपर सहा महिन्यांच्या आत मागे घेतले गेले. त्या चौकशीच्या काळातच प्रमुख संशोधकाच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाकडे लोकांचं लक्ष गेलं, प्रस्तावनेतला मोठा भाग एका सरकारी संकेतस्थळावरून जसाच्या तसा उचललेला निघाला आणि पुढे पदवीही गेली.

चित्रांनाही हाच नियम. जेलच्या फोटोचा एक कोपरा तेवढा उजळवणं, नको असलेला पट्टा कापणं, जुना फोटो नव्या नावाने वापरणं. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 20,621 पेपरांमधल्या आकृत्या डोळ्यांनी तपासल्या आणि 3.8 टक्के पेपरांत शंकास्पद चित्रं आढळल्याचं दाखवलं. त्यांतली काही घाईतल्या चुका असतील. पण मूळ फोटो जपून ठेवलेला असेल तरच ‘ती चूक होती’ हे दाखवता येतं.

एआय सगळं लिहून देत असेल, तर हे शिकायचं कशाला?

व्याकरण तपासायला, लांबलेलं वाक्य तोडायला, अनोळखी संज्ञा समजून घ्यायला ही साधनं उपयोगी आहेत आणि मी ती वापरू देते, संस्थेचा नियम आड येत नसेल आणि विद्यार्थ्याने ते नमूद केलं असेल तर. पण ही साधनं कधीच न लिहिल्या गेलेल्या पेपरांचे संदर्भ, लेखकांच्या नावांसह आणि पानांच्या क्रमांकांसह, अगदी खरे वाटावेत असे रचून देतात. म्हणून प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहायचा. दुसरं, अप्रकाशित आकडे अशा साधनात टाकण्याआधी मार्गदर्शकांना विचारा. ते आकडे तुमच्या एकट्याचे नसतात.

आणि मुख्य म्हणजे, लिहिणं हे झालेल्या विचाराची नक्कल करणं नाही. ती दोन वाक्यं घडवताना तिला समजलं की आपल्याकडे तीन झाडांचे अर्क हवेत. ती वाक्यं दुसऱ्याने लिहून दिली असती, तर तिची प्लेट एकाच झाडाची राहिली असती.

आणि काहीच आलं नाही तर?

हा प्रश्न बहुतेक विद्यार्थी मोठ्याने विचारत नाहीत, पण रात्री झोप उडवतो तो हाच. तिच्या बाबतीत तेच झालं. स्टॅफिलोकोकसवर वर्तुळ आलं, ई. कोलाय या दुसऱ्या जीवाणूवर मात्र काहीच नाही. तीन झाडं, तीन वेगळे दिवस, एकदाही नाही. "हे प्रबंधातून काढून टाकू का?" तिने विचारलं.

प्रतिजैविकाच्या चकतीभोवती ई. कोलायच्या प्लेटवरही दरवेळी वर्तुळ आलं होतं. म्हणजे माध्यम ठीक होतं, जीवाणू ठीक होते, तिचा हात ठीक होता. त्यामुळे ‘आलं नाही’ ही माहिती होती. ई. कोलायसारख्या जीवाणूंना बाहेरून एक जादा पटल असतं आणि ते अनेक पदार्थांना आत येऊ देत नाही, हे पदवीला पाठ केलेलं ज्ञान तिला इथे पहिल्यांदा कामाला आलं. ती आकृती प्रबंधातून वगळायची नाही, हे आम्ही ठरवलं.

चर्चेचा भाग लिहून तिने पाठवला. शेवटच्या परिच्छेदात एक ओळ होती, जी मी सुचवली नव्हती: अर्कातला क्रियाशील घटक आगरमधून, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या माध्यमातून, नीट पसरत नसेल, तरीही वर्तुळ दिसणार नाही, म्हणून ई. कोलायवर परिणाम नाही असं या पद्धतीवरून ठामपणे म्हणता येत नाही. द्रव माध्यमात अर्काची मात्रा पायरीपायरीने कमी करत तपासणी करायला हवी.

सोबत पुढच्या आठवड्यासाठी नळ्यांचा तक्ता होता. बारा नळ्या, त्यांतली अकरावी नुसत्या इथेनॉलची आणि बारावी प्रतिजैविकाची.